पाणी तोडू नका! चिंगीची आणि तिच्या किडनीची गोष्ट

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि नेटपॅक संपत आलाय म्हणून इथं वाचणाऱ्यांनाही नमस्कार.

बीड आणि कुत्र्याची पिल्लं हे दोन शब्द एकत्र शोधले की काय येतं माहितीये? माकडं! डिसेंबर २०२१. माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव. तिथं माकडं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, घराच्या छतावर नेत होती. पिल्लं खाली पडून मरत होती. वन विभागानं शेवटी दोन माकडं पकडून नेली. आकड्यांवर नंतर बराच वाद झाला, पण तोवर मीम्स जगभर फिरून आले होते. आपल्या जिल्ह्यातल्या पिल्लांची एवढी चर्चा त्याआधी कधी झाली नव्हती, नंतरही नाही.

आज मी एका पिल्लाबद्दलच बोलणार आहे, पण यात माकड नाही आणि व्हायरल होण्यासारखंही काही नाही. यात आहे किडनी, पाण्याचा टँकर आणि सोळा महिने जगलेली एक कुत्री. तिचं नाव चिंगी.

मी केजचा. ऑनलाईन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे माझं. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, पॅन कार्ड, हे माझं काम. मी जनावरांचा डॉक्टर नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढं आकडे येतील, औषधांची नावं येतील. ती ऐकून कुणी थेट मेडिकलवर जाऊ नका. मी फक्त सांगतो की अकरा महिने एका आजारी पिल्लाला घरात सांभाळताना काय काय शिकायला मिळालं. हे मराठीत ऐकायला मला तेव्हा फार कमी मिळालं, म्हणून हा भाग.

पिल्लू वाढंना

चिंगी लॅब्राडोर. धारूरकडच्या एका ओळखीच्या घरी नोव्हेंबर २०२३ मध्ये जन्मली. दोन महिन्यांची झाल्यावर आमच्याकडं आली. एकाच वेताची सात पिल्लं, त्यातली ही सगळ्यात बारकी. म्हणून आईनं नाव ठेवलं चिंगी.

पाच महिन्यांची झाली तेव्हा तिचा सख्खा भाऊ, जो अंबाजोगाईत एका घरी दिला होता, तो पंधरा किलोचा झालेला. आणि आमची चिंगी सात किलो. जेवणात कुरकुर. सकाळी कधीकधी पिवळं पाणी ओकायची. तोंडाला एक विचित्र वास, लघवीसारखा. आणि पाणी! पाण्याचं भांडं ठेवलं की रिकामं. रात्री तीनदा उठून अंगणात जायची, आणि घरात थांबवली तर तिथंच मोकळी व्हायची.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, आयुष्यभर बैलं सांभाळलेला माणूस. ते तिच्याकडं दोन दिवस नुसतं बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अरे, हिला आतून कायतरी व्हायलंय. जनावर एवढं पाणी उगं पेत नसतंय. दाखीव जा."

आता तुमच्यासाठी पहिली कामाची गोष्ट. तुमचा कुत्रा पाणी जास्त पितो की नाही, हे अंदाजानं ठरवू नका, मोजा. सकाळी ठरलेल्या वेळेला बाटलीनं मोजून भांड्यात पाणी ओता. दिवसभरात परत घालाल तेही मोजून लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं वजा करा. बादल्या, हौद, गळका नळ हे सगळं त्या दिवसापुरतं बंद. साधारण निरोगी कुत्रा दिवसाला एका किलो वजनामागं पन्नास-साठ मिली पाणी पितो. पिल्लू, उन्हाळा, कोरडं खाणं, यात थोडं जास्त होतं. पण किलोमागं शंभर मिलीच्या वर सतत जात असेल तर दवाखाना गाठायचा. चिंगी सात किलोची. म्हणजे चारशे-सव्वाचारशे मिली पुरे होतं. ती पीत होती दीड लिटर.

रिपोर्ट काय म्हणाला

गावातल्या दवाखान्याला आपल्याकडं सगळे 'गुरांचा दवाखाना'च म्हणतात. तिथले डॉक्टर दिवसभर शेळ्या, म्हशी, गाभण गायी बघतात. त्यांनी चिंगीला शांतपणे तपासलं, हिरड्या बघितल्या, रक्त घेतलं. एका लॅबनं "कुत्र्याचं रक्त आम्ही घेत नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या लॅबनं घेतलं. क्रिएटिनिन आलं ३.८.

मग डॉक्टर म्हणाले, परभणीला घेऊन जा. परभणीला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरच्या पशू विद्यापीठाचं, ज्याला माफसू म्हणतात. आपल्या बाजूला दुसरं उदगीरला आहे. बीड जिल्ह्यातल्या पोरांनी ही दोन नावं लक्षात ठेवा. आपल्याला वाटतं पुण्या-मुंबईशिवाय काही होत नाही, पण शिकवणारे डॉक्टर आपल्या दोन्ही बाजूंना बसलेत.

केज, अंबाजोगाई, परळी, गंगाखेड, परभणी. मित्राची गाडी, मागच्या सीटवर जुनी सतरंजी, चिंगी आणि पाण्याचा कॅन. तिथं सोनोग्राफी झाली, लघवी तपासली, परत रक्त तपासलं. दोन्ही किडन्या वयाच्या मानानं लहान, वेड्यावाकड्या. निरोगी किडनीत बाहेरचा थर आणि आतला गाभा वेगवेगळा दिसतो, हिच्यात सगळं एकसारखं. आणि लघवी जवळजवळ पाण्यासारखी पातळ. लेप्टोस्पायरोसिस आणि गोचिडताप यांनीही किडनी खराब होते, म्हणून त्या तपासण्याही केल्या. त्यात काही निघालं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "ही किडनी खराब झालेली नाही, ती नीट बनलेलीच नाही." याला म्हणतात रीनल डिस्प्लेसिया. पक्की खात्री करायची तर किडनीचा तुकडा काढून तपासावा लागतो, पण एवढ्या कमजोर पिल्लात तो धोका घेण्यात अर्थ नव्हता. वय, सोनोग्राफी आणि रिपोर्ट, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते.

थोडं समजून घेऊ. किडनीत बारीक बारीक गाळण्या असतात, नेफ्रॉन. कुत्र्याच्या एका किडनीत साधारण चार लाख. ही गाळण्यांची जडणघडण पोटात असताना सुरू होते आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. त्यानंतर नवी गाळणी तयार होत नाही. डिस्प्लेसियामध्ये या गाळण्यांचा बराच भाग अर्धवट, कच्चाच राहतो. जेवढ्या नीट आहेत त्यांच्यावरच सगळ्या शरीराचा भार. पिल्लू लहान असतं तोवर निभतं. अंग वाढायला लागलं की त्या गाळण्या कमी पडतात.

आणि किडनी फक्त घाण गाळत नाही हो. ती पाणी राखते. रक्त तयार करायचा निरोप हाडातल्या मगजाला पाठवते. रक्तदाब सांभाळते. जास्तीचं फॉस्फरस बाहेर टाकते. म्हणून किडनी गेली की कुत्रा फिका पडतो, ओकतो, आणि हाडातलं कॅल्शियम ओढलं गेल्यामुळं जबडा अक्षरशः रबरासारखा मऊ होऊ शकतो. पिल्लांमध्ये हे जास्त होतं, कारण हाडं अजून घडतच असतात.

क्रिएटिनिनवरून या आजाराच्या चार पायऱ्या धरतात. जगभरचे डॉक्टर 'आयरिस' नावाची पद्धत वापरतात. कुत्र्यासाठी १.४ च्या आत पहिली पायरी, २.८ पर्यंत दुसरी, २.९ ते ५ तिसरी, आणि पाचच्या वर चौथी. चिंगी तिसरीत होती. मी विचारलं, "बरी होईल का?" डॉक्टर म्हणाल्या, "बरी नाही होणार. पण बऱ्यापैकी राहू शकते. किती दिवस, ते आपण दोघंही ठरवू शकत नाही."

परत येताना गाडीत कुणी काही बोललं नाही. आईला फोनवर सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "तिला आता पाणी पाजलंस का?"

भोक पडलेली टाकी

आता या भागाचा मुख्य मुद्दा. पाणी.

हे सगळं एप्रिल २०२४ चं. आदल्या वर्षी मराठवाड्यात पाऊस कमी झालेला. मांजरा धरण आमच्या तालुक्यात, धनेगावला. त्याच धरणाच्या पाण्यावर केज, अंबाजोगाई, लातूर अवलंबून. २०१६ ला हेच धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आठवतंय? २०२४ चा उन्हाळा त्याच वाटेवर होता. आमच्या गल्लीत नळ कधी आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी. टँकर आला की ड्रम, हंडे, कळशा घेऊन सगळे रस्त्यावर. प्यायला जार विकत.

आणि आमच्या घरात एक कुत्री, जी दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पिते आणि तेवढंच अंगणात सोडते.

शेजारचे काका स्वतः डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला जातात. ते एक दिवस ओट्यावरून म्हणाले, "पोरा, हिला एवढं पाणी कशाला पाजायलास? माझं बघ. डॉक्टरनं दिवसाला लिटरभर ठरवून दिलंय. किडनीच्या पेशंटला पाणी तोडावं लागतंय."

काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्यासाठी ते शंभर टक्के बरोबर आहे. म्हणून मी परभणीला फोन करून हेच विचारलं. तेव्हा जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो.

काकांच्या घराचं गटार तुंबलंय. त्यांची लघवी जवळजवळ बंद आहे. प्यायलेलं पाणी बाहेर जात नाही, अंगात साठतं, पायाला सूज येते, छातीत पाणी होतं. म्हणून त्यांना मोजून पाणी. चिंगीचं उलटं. तिच्या टाकीला भोक पडलंय. तिच्या किडनीला पाणी धरून ठेवताच येत नाही. ती जास्त पिते म्हणून जास्त मुतत नाही. जास्त मुतते म्हणून तिला प्यावं लागतं. भोक पडलेल्या टाकीत पाणी ओतायचं बंद केलं तर भोक बुजत नाही, टाकी कोरडी पडते. अशा कुत्र्याचं पाणी एक रात्र जरी तोडलं, तरी उरलेल्या गाळण्याही जाऊ शकतात.

दोघांचा आजार किडनीचाच, पण एकाचं औषध दुसऱ्याचं विष. म्हणून कुणीही, कितीही आपुलकीनं सांगितलं की "रात्री घरात घाण करतंय ना, मग पाणी उचलून ठेव", तरी ठेवू नका. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं तरच. शेवटच्या पायरीला कुत्र्याचीही लघवी कमी होऊ शकते, तेव्हा हिशोब बदलतो, पण तो हिशोब डॉक्टरांचा.

आमच्या घरी मग आईनं नियम केला. टँकरचं पाणी आलं की पहिली कळशी गाळून चिंगीची. त्यावर कापड बांधायचं आणि कुणी हात लावायचा नाही. आबा कुरकुरले. "माणसाला पाणी नाही अन् कुत्र्याला कळशी." आई म्हणाली, "मी भांडी राखेनं घासते, तेवढं पाणी वाचतंय." आबा गप्प. दुसऱ्या दिवसापासून ते अंघोळ एका तांब्यानं कमी करायला लागले. त्यावर घरात कुणीच काही बोललं नाही.

ताटात काय, सुईत काय

पाण्याच्या नंतर जेवण. किडनीच्या कुत्र्यांसाठी तयार खाणं मिळतं, पण ते महाग आणि आमच्याकडं मागवायला लागायचं. शिवाय चिंगी वाढीच्या वयातली, म्हणून डॉक्टरांनी तिच्या वजनावर घरचं जेवण बसवून दिलं. मऊ भात, त्यात तूप, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, थोडं बिनहाडाचं चिकन, थोडा लाल भोपळा. मीठ नाही. प्रोटीन पूर्ण तोडायचं नाही, कारण पिल्लाला अंग धरायचं असतं, पण जे द्यायचं ते पचायला चांगलं. खरा शत्रू फॉस्फरस. म्हणून हाडं बंद, कलेजी बंद, दूध-पनीर बंद, अंड्याचं पिवळं बंद. ताकद यायला तूप. घरच्या अशा जेवणात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं कमी पडतात, ती वेगळी द्यावी लागतात. म्हणून माझी यादी ऐकून स्वतःच्या कुत्र्याला सुरू करू नका. आपलं वजन, आपला रिपोर्ट, आपली यादी.

जेवणासोबत फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध. ते जेवणातच मिसळायचं, नंतर देऊन उपयोग नाही, कारण ते पोटातल्या अन्नातलंच फॉस्फरस धरतं. उलटी आणि ॲसिडिटीची गोळी जेवणाच्या आधी. रक्तदाब वाढला तेव्हा त्याची गोळी.

आणि सलाईन. एक दिवसाआड शंभर मिली, कातडीखाली. हे ऐकून घाबरू नका. शीर शोधायची नसते. मानेमागची सैल कातडी तंबूसारखी उचलायची आणि त्यात सुई. डॉक्टरांनी तीनदा स्वतः दाखवलं, तीनदा माझ्याकडून करून घेतलं, मगच घरी करू दिलं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी गरम करायची, कारण गार सलाईन गेलं की कुत्रा कळवळतो. खुंटीला बाटली, खाली सतरंजी. पाठीवर उंटासारखा फुगा येतो, मग तो हळूहळू पायाकडं उतरतो आणि काही तासांत जिरतो. दर वेळी नवी सुई.

सुरुवातीला आबा त्या खोलीत यायचे नाहीत. "बैलाला बी मी कधी सुई टोचू दिली नाही डोळ्यादेखत," म्हणायचे. मग एकदा आई माहेरी गेलेली, मी एकटा. चिंगी हालायली. आबा आत आले, खाली बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्याशी बोलायला लागले. काय बोलत होते? औताच्या बैलांची नावं सांगत होते. एकेका बैलाची गोष्ट. ती शांत पडून राहिली. पुढं प्रत्येक सलाईनला आबाच तिचं डोकं धरायचे.

एक कडक सूचना. घरातली माणसांची दुखण्याची गोळी, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असलं काहीही कुत्र्याला देऊ नका. निरोगी किडनीलाही ते धक्का देतं, कमजोर किडनीला संपवतं. द्राक्षं आणि मनुकेही नको, कुठल्याच कुत्र्याला नको. त्यानं किडनी अचानक बंद पडू शकते.

"कुत्र्यासाठी एवढं?"

हा प्रश्न मला दुकानात आठवड्यातून चारदा तरी यायचा. औषधं, तपासण्या, गाडीभाडं धरून महिन्याला अडीच-तीन हजार जायचे. आमच्या तालुक्यातून दिवाळीनंतर किती घरं ऊस तोडायला जातात, तुम्हाला माहितीये. कोयता घेऊन सहा-सहा महिने बाहेर राहणारा माणूस माझ्या काउंटरवर उभा राहून विचारतो, "दादा, कुत्र्याला सलाईन?" तर त्याच्या प्रश्नात टोमणा नसतो. त्याला खरंच आश्चर्य वाटत असतं. म्हणून मी या प्रश्नावर कधी चिडलो नाही.

रतन टाटांचा किस्सा तुम्ही रीलमध्ये ऐकला असेल. सुहेल सेठ सांगतात, फेब्रुवारी २०१८ मध्ये लंडनला बकिंगहॅम पॅलेसमध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स टाटांचा सन्मान करणार होते आणि टाटांनी येणं रद्द केलं, कारण त्यांचा कुत्रा खूप आजारी होता. पुढं २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल सुरू झालं. लोक हे ऐकून म्हणतात, ते टाटा होते, त्यांना जमतं.

मला उलट वाटतं. टाटांकडं बाकी सगळं होतं, पण आजारी कुत्र्याजवळ बसायला त्यांना जे द्यावं लागलं ते वेळच होतं. आणि तो तर आपल्याकडंही असतो. पैशाची मर्यादा मात्र खरी असते आणि ती आधीच ठरवलेली बरी. आम्ही घरात बसून ठरवलं होतं. आईचं औषध, बहिणीची फी आणि दुकानाचं भाडं याला हात लावायचा नाही. कर्ज काढायचं नाही. त्याच्या आत जे बसेल ते सगळं करायचं. कुत्र्याचं डायलिसिस चेन्नईच्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयात होतं, हे मी शोधलं होतं. डॉक्टर स्पष्ट बोलल्या. डायलिसिस जास्त करून अचानक बंद पडलेल्या किडनीसाठी, जी पुन्हा सुरू व्हायची शक्यता आहे. चिंगीची किडनी पुन्हा सुरू व्हायला मुळात पूर्ण बनलेलीच नव्हती. त्यामुळं तो विषय तिथंच थांबला.

ज्यांना हेही परवडत नाही, त्यांनी लाज वाटून घेऊ नका. भरपूर पाणी, बरोबर जेवण आणि उलटीची साधी गोळी, एवढ्यानंही कुत्र्याचे दिवस सुसह्य होतात.

थांबायचं कधी

हा भाग बोलायला अवघड आहे. पण हाच टाळला तर बाकीचं सांगून उपयोग नाही.

जानेवारी २०२५ पर्यंत चिंगी चांगली होती. बारकी, पण खोडकर. दुकानात स्टॅपलरच्या पिना आणि ग्राहकांच्या चपला पळवायची. फेब्रुवारीत क्रिएटिनिन सहाच्या वर गेलं. हिरड्या पांढऱ्या. जेवणाचा वास आला तरी तोंड फिरवायची. तोंडात फोड.

अमेरिकेतल्या एक पशुवैद्य आहेत, ॲलिस व्हिलालोबोस. त्यांनी शेवटच्या टप्प्यातल्या प्राण्यांसाठी सात प्रश्न बनवलेत. दुखतंय का? खातोय का? अंगात पाणी टिकतंय का? स्वच्छ राहतोय का? आनंदी वाटतोय का? चालता-फिरता येतंय का? आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का? प्रत्येकाला दहापैकी गुण. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. हे गणित कुणाला कोरडं वाटेल. पण मला त्याचा आधार वाटला, कारण मन रोज वेगळं सांगतं. आज शेपटी हलली की वाटतं बरी होतेय. उद्या ओकली की वाटतं संपलं. कागदावरचे गुण तसे रोज उड्या मारत नाहीत.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करायचो. चांगला दिवस म्हणजे बरोबरची खूण, वाईट म्हणजे फुली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सलग सहा फुल्या झाल्या. सात प्रश्नांचे गुण आले एकोणीस.

मी कॅलेंडर आबांना दाखवलं. त्यांना वाटत होतं, घरच्या जनावराला आपण मारायचं नसतं, ते आपल्या मरणानं जावं. दयामरण हा शब्दच त्यांना पटत नव्हता. ते बराच वेळ फुल्यांवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "शेवटचा बैल माझा तीन दिवस गोठ्यात पडून होता. मला वाटायचं मी त्याची सेवा करायलोय. आता वाटतंय, सेवा कमी अन् माझाच जीव त्याच्यात अडकलेला जास्त. हिला तीन दिवस नको ठेवू."

गुरांच्या दवाखान्यातलेच डॉक्टर संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर घरी आले. दयामरण कसं होतं, हे लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. आधी झोपेचं इंजेक्शन देतात. कुत्रा गाढ झोपतो, त्याला काही कळत नाही. मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत श्वास थांबतो, मग हृदय. तळमळ नाही, ओरडणं नाही. डोकं आबांच्या मांडीवर होतं. आईनं शेवटी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडलं, जसं आपण माणसाला सोडतो.

शेताच्या बांधावर खोल खड्डा घेतला. जनावरं उकरणार नाहीत एवढा खोल. वर दगड.

जे तुमच्या हातात आहे

आता शेवटचं. चिंगीला जे झालं ते कुणाच्या दुर्लक्षामुळं झालं नाही. जन्मतःच होतं. पण पुढच्या पिल्लांचं आपल्या हातात आहे. हा आजार अनेकदा घराण्यातून येतो. लॅब, गोल्डन रिट्रीव्हर, शिह त्झू, ल्हासा अशा बऱ्याच जातींत नोंदलेला आहे, आणि गावठी कुत्र्यातही होऊ शकतो. म्हणून एका पिल्लाला निघाला तर मूळ मालकाला कळवायचं. भांडायला नाही, माहिती द्यायला. आम्ही धारूरला जाऊन सगळे रिपोर्ट दाखवले. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या जोडीचं पुन्हा वेत घ्यायचं नाही असं ठरवलं. बाकी सहा घरांचे नंबर दिले. मी सहाही घरांना फोन केला, लघवी आणि रक्त एकदा तपासून घ्या म्हणून. पाच जणांनी तपासलं, पाचही ठीक निघाली. सहावे म्हणाले, बघू.

पिल्लू विकत घेताना हेही विचारा. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो बघून, टेम्पो स्टँडवर डब्यातून महिन्याभराचं पिल्लू घेणाऱ्यांनी जरा थांबावं. पिल्लाची आई बघा, आधीच्या वेताची पिल्लं कशी आहेत ते विचारा. सात पिल्लांतलं एकच खूप बारकं असेल तर घेऊ नका असं मी म्हणणार नाही. आम्ही घेतलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त घेतलं तर पहिल्याच महिन्यात रक्त-लघवी तपासून घ्या.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना आजचा गृहपाठ. उद्या सकाळी बाटलीनं मोजून पाणी ठेवा आणि परवा सकाळपर्यंतचा आकडा लिहा. फोनच्या नोट्समध्ये लिहा, तारीख टाकून. कुत्र्याचं वजनही लिहा. पुढं कधी शंका आली तर डॉक्टरांना दाखवायला हाच आकडा कामाला येईल. आणि उन्हाळा आहे, घरात पाळीव नसलं तरी दारात एक पसरट भांडं पाण्याचं ठेवा. गल्लीतल्या कुत्र्यांची किडनी कुणी तपासलेली नाही.

तुमचे आकडे आणि तुमचे प्रश्न कमेंटमध्ये पाठवा. औषधांचे प्रश्न मात्र मला नको, तुमच्या डॉक्टरांना विचारा. भेटू पुढच्या भागात. राम राम!